एकटीला जमेल असा कट

नाही नाही, नुसते शेंडे नाही नीट करायचे, कापायचेत — म्हणजे असे टप्प्याटप्प्याने, वरचे आखूड, खालचे त्याहून लांब — लेयर म्हणता ना तुम्ही त्याला? हां, तेच. आमच्या वाचनालयात काउंटरवर एक मुलगी बसते, तिने केलाय. मी म्हटलं, काय गं, रोज सकाळी किती वेळ जातो तुझा यात? तर म्हणाली, वेळ कसला, धुवायचे, झटकायचे आणि निघायचं, आरसासुद्धा लागत नाही. आणि खरंच हो, कुत्रं पाण्यातून बाहेर आल्यावर अंग झटकतं ना, तशी ती डोकं झटकते आणि दिसते मात्र छान. आता तिचं वय तेवीस, माझं एकोणपन्नास, तो भाग वेगळा — हसा, हसा, मीही हसलेच होते. पण मला काही सुंदर-बिंदर नाही दिसायचं, मला फक्त आठची बस पकडायचीय. तीन महिन्यांत अकरा वेळा उशीर झालाय मला. आमच्या मुख्य ग्रंथपालबाई काही बोलत नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघतात, पण ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. — हो, कमरेच्या खाली आहेत. लहानपणापासून कधीच नाही कापले. — विचार केलाय, पक्का केलाय. आणि एक सांगू? मला ताई म्हणू नका. बाई म्हणा, मॅडम म्हणा, अहो-जाहो काय वाट्टेल ते म्हणा. ताई नको. — छे, राग कसला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची सवय नाही, एवढंच.

हे कापड जरा सैल बांधा हो गळ्याशी, मी काय पळून जातेय? आणि उजव्या बाजूने जपून, त्या खांद्याला लागलेलं आहे. सहा वर्षं झाली. वाचनालयात वरच्या फळीवर पुस्तकं लावत होते, शिडी सरकली, मी आणि कायद्याचे चार जाडजूड खंड एकदमच खाली आलो. खंडांना काही झालं नाही. माझा खांदा निखळला आणि वरचं हाड मोडलं. तेव्हापासून हा हात खांद्याच्या वर जात नाही. जेवता येतं, लिहिता येतं, पण डोक्याकडे न्यायचा म्हटलं की संपलं. म्हणून तर हे सगळं — बाईमाणसाला एका हाताने वेणी नाही घालता येत. येते का? बघा करून कधी. तीन पेड धरायचे म्हणजे दोन हात पाहिजेत, आणि दोन्ही मानेमागे पाहिजेत.

मग एवढी वर्षं कोण घालत होतं? बहीण. धाकटी बहीण आहे मला, बारा वर्षांनी लहान. आम्ही मुंगी म्हणतो तिला — म्हणजे मीच म्हणते, म्हणायला दुसरं आहे कोण — लहानपणी एवढीशी होती, पण सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची. ती आठ वर्षांची असताना आई गेली. वडील त्याआधीच. मी वीस वर्षांची. मामा म्हणाले, धाकटीला आमच्याकडे ठेव, तू तुझं बघ. मी म्हटलं, माझं-तिचं काय, आमचं एकच आहे. मग नोकरी धरली, वाचनालयातली, तीच अजून. रोज सकाळी तिला स्टुलावर बसवायचे, मी मागे उभी राहायचे, आणि दोन वेण्या घालून शाळेत धाडायचे. दहा वर्षं घातल्या. इतकी चळवळी, की दुसरी वेणी घालून होईतो पहिली सुटलेली. माझ्या लग्नाचं विचारायला यायचे लोक सुरुवातीला, मग यायचे बंद झाले. त्याचं मला काही नाही हो, खरंच नाही. ती शिकली, बालवाडीत शिक्षिका झाली, मला भरून पावलं. — नाही, बालवाडी. तीन-चार वर्षांची पोरं. अंगाखांद्यावर खेळवायची त्यांना. घरी यायची ती कपड्यांना रंग लागलेली.

तर मी पडले, आणि मग सगळं उलटं झालं. मी स्टुलावर, ती मागे. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली, म्हटलं, राहू दे गं, मी मोकळेच बांधते कसेतरी. तर माझ्या डोक्यात टप्पल मारली तिने — मोठ्या बहिणीच्या! — आणि म्हणाली, "ताई, गप बस. हलू नकोस. दहा वर्षं हेच ऐकलंय मी तुझ्याकडून." आणि तिचे हात माझ्या — कसं सांगू. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावरून कुणी हात फिरवला नव्हता. तेवीस वर्षं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं की नव्हता फिरवला. ती तेल लावून बोटांनी असं हळूहळू सोडवायची गुंता, आणि तिकडे तोंड सुरू — बालवाडीत कोण रडलं, कोणी कुणाला चावलं, कोणी खडू खाल्ला. मागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं का हो? तोंड दिसत नाही ना एकमेकांचं. आम्ही दोघी आयुष्यात जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या स्टुलावर बोललो. मला दिवसभरात तेवढंच —

हं, कापा. कापा ना, मी बोलत राहिले तरी तुम्ही तुमचं — थांबा! थांबा जरा. अगं आई गं. केवढा आवाज झाला कात्रीचा. आणि मान किती हलकी — काय झालं? असं काय बघताय आरशातून? कात्री का खाली ठेवलीत?

…हो. गेला हात वर. दोन्ही गेले की.

नका हो असं बघू. दचकले मी, म्हणून गेले. घेते खाली. — दुखत नाही. नाही दुखत. दुखलं असतं तर बरं झालं असतं. बसा ना जरा त्या स्टुलावर, नाहीतर उभ्याच राहा, पण आरशातून बघू नका माझ्याकडे, मागूनच ऐका. आता अर्धे कापलेत, अर्धे तसेच आहेत, मी उठून तरी कुठे जाणार. हात बरा आहे माझा. सव्वापाच वर्षं झाली बरा होऊन. फिजिओथेरपीच्या बाईंनी आठव्या महिन्यात सांगितलं, आता येऊ नका, आता तुम्ही सगळं करू शकता, घरी जाऊन बहिणीला दाखवा. मी बसमध्ये बसून खिडकीच्या वरच्या दांड्याला हात लावून बघत होते, पुन्हा पुन्हा, शेजारची बाई सरकून बसली. इतका आनंद झाला होता मला! घरात शिरले ते सांगायलाच. तर मुंगी फणी घेऊन बसलेली. सकाळी तिला लवकर जावं लागलं होतं, माझे केस तसेच राहिले होते, तर म्हणते, "ये ताई, दिवसभर तशीच फिरलीस ना, ये बस." मी बसले. म्हटलं, आत्ता नको, उद्या सांगू.

उद्या म्हणजे कधी, ते तुम्हाला कळतंय. आठवडा गेला. मग महिना गेला, तेव्हा वाटलं आता सांगितलं तर विचारेल, महिनाभर का नाही बोललीस? मग वर्ष गेलं. आणि खोटं काही बोलत नव्हते हो मी, ते बोलावं लागतच नाही. फक्त हात वर नाही न्यायचा. घरात फळीवरचा डबा डाव्या हाताने काढायचा. कपडे वाळत घालताना तिला हाक मारायची. सवय लागते. वाचनालयात मात्र मी दोन्ही हातांनी सरसर पुस्तकं लावायचे, आणि बसमधून उतरले की हात आपोआप खाली यायचा, जसा काही घरात शिरताना चपला काढाव्यात. मी स्वतःशी म्हणायचे, कुणाचं काय नुकसान होतंय? सकाळचा अर्धा तास. मी दहा वर्षं दिला, तिने थोडा द्यावा.

नुकसान. हो. सांगते ना. तिच्या शाळेत एक चित्रकलेचे सर होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. आमच्याकडे चहाला आले, तर कप हातात धरून अर्धा तास बसले, प्यायलेच नाहीत, तिच्याकडे बघत होते. माणूस चांगला. मला कळतं माणूस. त्यांची बदली झाली लांबच्या गावी, आणि तिला म्हणाले, लग्न करू आणि जाऊ. ती गॅलरीत फोनवर बोलत होती, आणि मी आत स्वयंपाकघरात. ती म्हणत होती — हळू बोलत होती, पण आमचं घर ते केवढं — म्हणत होती, "कशी येऊ मी? ताईला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही. तिने माझ्यासाठी काय सोडलं ते तुम्हाला माहीत नाही." आणि मी काय करत होते माहितीये तेव्हा? घरात कुणी बघत नव्हतं म्हणून वरच्या फळीवरून डबा काढत होते. ह्या हाताने. डबा हातात, हात वर, आणि मी तशीच उभी. दोन पावलं टाकायची होती हो. गॅलरीत जायचं आणि म्हणायचं, जा बाळा, हा बघ माझा हात. दोन पावलं. मी डबा हळूच खाली ठेवला, आवाज न करता.

ते सर स्वतः आले मग एकदा माझ्याशी बोलायला. म्हणाले, "ताई, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. तीन खोल्यांचं घर मिळतंय." मी म्हटलं, माझी नोकरी आहे इथे. म्हणाले, "मग तुमच्या मदतीला एखादी बाई बघू, सकाळपुरती." मी म्हटलं, परक्या बाईचा हात केसांना लागलेला मला खपत नाही. असं म्हटलं मी. शब्दन् शब्द आठवतो. त्यावर त्या बिचाऱ्यांनी मान हलवली. दीड वर्ष थांबले. दर सुट्टीत यायचे. मग एका सुट्टीत नाही आले. मग कळलं त्यांचं लग्न झालं. मुंगी त्या सकाळीसुद्धा माझी वेणी घालत होती, आणि रोजसारखी बोलत मात्र नव्हती. मी विचारलं, काय गं, आज गप्प? तर म्हणाली, "काही नाही, घसा बसलाय." आणि माझ्या मानेवर एक थेंब पडला, कोमट. मी हात मागे नेऊन पुसलाही नाही तो. कसा पुसणार? माझा हात जात नव्हता ना.

मला पाणी देता का जरा? — नको, राहू द्या, त्या बाई बसल्यात तिकडे थांबून, त्यांचं नको खोळंबायला. तुम्ही कापायला लागा, बोलताना कापलंत तर मला बरं पडेल. कापा.

तिच्या हाती सापडले कधी? सात महिने झाले. मी चष्मा घरी विसरले होते. तिच्या शाळेला त्या दिवशी अर्धी सुट्टी, ती आपणहून वाचनालयात आली द्यायला. एरवी कधी यायची नाही. मी शब्दकोशांच्या रांगेत, टाचा उंचावून, सगळ्यात वरच्या फळीवर दोन्ही हातांनी एक मोठा खंड आत ढकलत होते. तो जात नव्हता, मी रेटा देत होते, शिव्या घालत होते त्याला मनातल्या मनात. वळले तर रांगेच्या टोकाला ती उभी. किती वेळ उभी होती देव जाणे. मी हात खाली घेतला — आणि बघा माझा मूर्खपणा — खांदा दाबला आणि "आई गं" म्हटलं. तिने चष्मा टेबलावर ठेवला, म्हणाली, "विसरलीस." आणि गेली. संध्याकाळी मी घरी जाऊन बडबड बडबड केली, आज काय झालं कोण जाणे, अचानक जरा मोकळा वाटला हात, थंडी कमी झाली म्हणून असेल. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "हो का." एवढंच. ओरडली असती, ताट फेकलं असतं, तरी चाललं असतं. आम्ही जेवलो. तिने मला वाढलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर स्टूल जागेवर, फणी हातात, रोजच्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सोडलं तिने, विसरली, नाहीतर विश्वास बसला माझ्यावर. मी बसले. तिने तेल लावलं, गुंता सोडवला, किती सावकाश सोडवला त्या दिवशी, एक केस तुटू दिला नाही. वेणी घातली. शेवटी रबर लावलं. आणि मग माझ्या समोर येऊन बसली, जमिनीवर, माझ्या गुडघ्यांशी, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "ताई, आता ही सोड. आणि तू घाल. मी बघते."

मी म्हटलं, अगं, असं काय करतेस? म्हणाली, "घाल ना. मला एकदा बघायचंय."

सोडली मी. आणि घातली. काय करणार होते? हात सरळ वर गेले, बिचाऱ्यांना काय कळतंय, त्यांना वाटलं मी बोलावलं. तीन पेड घेतले, आणि माझी बोटं अशी भरभर चालली, एवढ्या वर्षांत काही विसरली नव्हती ती. मला थांबवता येईनात. तिच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघायला जागा नाही. घालून झाली. छान झाली होती. तिच्यापेक्षा घट्ट झाली होती. ती उठली, माझ्या मागे जाऊन बघितली, हात नाही लावला. "चांगली येते तुला," म्हणाली. आतल्या खोलीत बॅग भरून ठेवलेली होती, रात्रीच भरली असणार, मला आवाजही आला नव्हता. दारात मी तिचा हात धरला. म्हटलं, मुंगी, मला शिव्या दे, मार मला, पण असं नको. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मला सांगितलं असतंस तरी मी रोज घातली असती गं. तिथून सुट्टीला आले असते तेव्हा घातली असती." आणि हात सोडवून घेतला. हळूच. दुखू नये म्हणून हळूच — अजूनही, बघा.

फोन करते ना. उचलत नाही. एकदाच उचलला. म्हणाली, "ताई, मी रागावलेली नाहीये, मी दमलेय. मला थोडं एकटीला राहू दे." दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तिला, तिथेही बालवाडीच. सदतीस वर्षांची झाली. — त्या सरांना? केला होता मी फोन. तुम्हाला वाटेल वेडी आहे बाई, पण केला. नंबर शोधून काढला. म्हटलं, त्यांना सांगते, तिची चूक नव्हती, तुम्ही तिला दोष देऊ नका, जे काही झालं ते माझ्यामुळे. फोन उचलला त्यांनीच, आणि मागे एक लहान मूल रडत होतं, आणि कुणीतरी बाई हसत म्हणत होती, अहो, आधी याला धरा. मी म्हटलं, रॉंग नंबर. म्हणाले, "काही हरकत नाही." तोच आवाज, सौम्य.

आणि आता सकाळी मी एकटी स्टुलावर बसते. हात वर जातात. तीन पेड करते, दोन वेढे घालते, आणि पुढे नाही होत. काही दुखत नाही, कुठे अडत नाही, नुसती बसून राहते पेड धरून. कधी वीस मिनिटं, कधी तास. मग बस गेलेली असते. कुणाला सांगू? कोण विश्वास ठेवेल, की आता खरंच जमत नाही? म्हणून म्हटलं, कापून टाकावेत. कुणी लागायला नको, काही धरायला नको. काउंटरवरची ती मुलगी म्हणाली ना —

झालं? एवढ्यात? बघू. …ही मी आहे होय. मान किती उघडी दिसते. — चांगलं दिसतंय हो, छान कापलेत तुम्ही, तुमच्या हातात कला आहे. मी रडतेय ते कटामुळे नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आता सकाळी काय करायचं ते सांगा. ओले करायचे. हं. बोटं अशी मुळाशी घालायची. अशी? आणि झटकायचे. बस? पुढे? — काही नाही? फणीसुद्धा नाही?

किती, अर्धा मिनिट लागलं असेल ना हे करायला? तेवढंसुद्धा नाही.

मग बाकीच्या वेळात काय करायचं हो?

नाही, तुम्हाला नाही विचारलं. सोडा ते कापड. सोडा म्हणते ना. आणि खांद्यावरचे केस राहू द्या, हात नका फिरवू, मी झटकेन माझे मी. बोलवा त्यांना. केव्हाच्या थांबल्यात बिचाऱ्या.